आयुष्यभराचं तेल

आमची आत्या दात बनवते. ती डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडाचा साचा घेऊन पाठवतात आणि आत्या घराच्या मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि बारीक कानशी घेऊन त्या तोंडाला बसणारी कवळी घडवते. या कामात घाई चालत नाही आणि अंदाज तर मुळीच चालत नाही. केसभर फरक पडला तरी समोरच्याची हिरडी सोलते. त्यामुळे ‘चालतंय की’ असं कुणी म्हटलं की आत्याच्या दोन्ही भुवया आपोआप एकत्र येतात.

अशा बाईची गाठ पडली आमच्या आतोबांशी. आतोबा पोहण्याचे प्रशिक्षक. उभं आयुष्य त्यांनी तलावाच्या काठावर उभं राहून पाण्यातल्या माणसांना ओरडण्यात काढलं. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. निवृत्त झाल्यावर शिट्टी खिळ्याला अडकली, पण सूचना काही थांबल्या नाहीत. पाण्यातली माणसं गेली आणि सूचना ऐकायला आत्या तेवढी उरली.

गाडी आतोबांची. राखाडी रंगाची, जुनी, ऑटोमॅटिक. गिअर आपले आपण बदलतात, डाव्या पायाला काम नाही. तिला आत्याने हात लावलेला त्यांना खपत नसे. दोन-तीन वर्षांतून एकदा, एखाद्या रविवारी ते जाहीर करत, “आज गिअरबॉक्सचं तेल,” आणि गाडीखाली सरपटत जात. दुपारी बाहेर येत ते कोपरापर्यंत काळे होऊन. त्यांचा शर्ट घासता घासता आत्याच्या नाकी नऊ येत. पण नवरा घरच्या घरी गाडीची दुखणी काढतो याचं तिला मनातून कौतुक होतं. आमच्या बाबांना, म्हणजे तिच्या भावाला, ती ऐकवायची, “तुला साधा पंक्चर झालेला टायर बदलता येत नाही.”

मग आतोबांना काचबिंदू झाला. समोरचं दिसायचं, पण कडेचं सगळं हळूहळू पुसलं गेलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि किल्ल्या आत्याच्या हातात आल्या. साठीला टेकलेल्या बाईने गाडी शिकायची, तीही शेजारच्या सीटवर असा शिक्षक बसलेला असताना, ही काय परीक्षा होती ते मी मागच्या सीटवरून पाहिलं आहे. ती शिकली मात्र. डोळ्यांच्या दवाखान्यात, बाजारात, साचे आणायला दंतवैद्यांकडे, सगळीकडे तीच गाडी नेऊ लागली.

या वर्षी गाडी झटके देऊ लागली. वेग घेताना मध्येच कुणीतरी मागून ढकलल्यासारखी उसळायची. रिव्हर्स टाकला की क्षणभर विचार करायची आणि मग जायची. आत्याने ती कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने बॉनेटही उघडलं नाही.

“काकू, या गिअरबॉक्सचं तेल बदलायचं नसतं. कंपनीने आयुष्यभराचं घातलेलं असतं.”

“कुणाच्या आयुष्यभराचं? गाडीच्या की माझ्या?”

“तसं नाही, काकू. जुनं तेल काढलं तर आहे तेही बिघडेल. चालतंय तोवर चालवा.”

भुवया एकत्र आल्या. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. घरी आल्यावर आतोबा म्हणाले, “त्यांना काय कळतंय? मी इतकी वर्षं घरीच बदलत होतो ना? मी सांगतो तसं तू कर.”

आत्या सहजासहजी त्यांच्या बोलण्यात येणारी नाही. तिने गाडीचं जुनं पुस्तक शोधून काढलं, त्यातलं ते पान चष्मा पुसून पुसून वाचलं, आणि त्यात जे लिहिलं होतं तंतोतंत त्याच जातीचं तेल मागवलं. दुकानदार म्हणत होता, हे दुसरं घ्या, तेही लालच असतं. तिने त्याला विचारलं, “तुझ्या कवळीच्या जागी दुसऱ्याची बसवू का? तीही गुलाबीच असते.” तो बिचारा तिशीतला, सगळे दात जागेवर असलेला. पण तेल मागवलं त्याने.

रविवारी सकाळी मला बोलावणं आलं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. भाचीने फक्त टॉर्च धरायचा, असं ठरलं होतं. अंगणात पोचले तर पहिली कटकट उभीच होती. हे काम करताना गाडी चारही बाजूंनी अगदी सपाट असावी लागते, नाहीतर तेलाची पातळी चुकते. आमच्या आत्याच्या अंगणाला गटाराकडे उतार. सपाट जागा एकच, ती नेमकी फाटकाच्या तोंडाशी, आणि त्या फाटकातूनच शेजारच्या प्लंबरची व्हॅन जा-ये करते. आदल्या संध्याकाळी आत्याने त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, “रविवारी मी कुठे जातोय, काकू? खुशाल लावा.”

गाडी जॅकने उचलून चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिच्याखाली लावायच्या तिवयांवर, चढवली. आत्याने आतोबांचा जुना ट्रॅकसूट चढवला, डोक्याला फडकं बांधलं आणि पाठीखाली पुठ्ठा घेऊन ती गाडीखाली गेली. आतोबा खुर्ची टाकून बसले, उंटावरून शेळ्या हाकायला.

“आता खालचा नट खोल. ज्यातून तेल बाहेर येतं तो.”

“पुस्तकात लिहिलंय, आधी वरचा खोलायचा. तेल भरायचा. तो उघडतोय याची खात्री झाली की मगच खालचा.”

“पुस्तक लिहिणाऱ्याने कधी हात काळे केलेत का? भांडं आधी रिकामं करतात की आधी भरतात? साधी गोष्ट आहे.”

“अहो, पण ठळक अक्षरात दिलंय.”

“किती वेळा केलंय मी हे. दर वेळी खालचा आधी. तू खोल.”

आवाज तलावाच्या काठावरचा होता. आत्या गाडीखालून काहीतरी पुटपुटली. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे वाद घालायचा आणि कुठे सोडून द्यायचा याचा माणसाचा एक हिशेब ठरून गेलेला असतो. तिने नेमका इथे सोडून दिला.

खालचा नट सहज निघाला. तेल धारेने घमेल्यात पडू लागलं. ते लाल असायला हवं होतं. हे काकवीसारखं काळं होतं आणि त्याला करपलेल्या दुधाचा वास होता. धार थांबल्यावर आत्याने नट पुसून परत घट्ट बसवला, घमेलं बाजूला सरकवलं आणि मग वरच्या नटाला हात घातला.

तो नट हलेना. त्याच्या डोक्यात षटकोनी खाच होती. तिच्यात किल्ली बसवून आत्याने ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं, पाय लावून पाहिलं. मग कच्चकन आवाज आला. मला वाटलं सुटला. आत्या म्हणाली, “खाच झिजली.”

म्हणजे आता जुनं तेल निघालेलं आणि नवं घालायचं दार बंद. तेलाशिवाय गाडी एक हात पुढे न्यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांच्या डोळ्यांचा दाब तपासायचा होता, त्या तारखेसाठी आम्ही कित्येक महिने थांबलो होतो. आत्या आडवी पडल्या पडल्या म्हणाली, “आधी वरचा खोलायचा होता.” तिने हे शांतपणे म्हटलं, म्हणून जास्त भीती वाटली.

“जोर कमी पडतोय तुझा,” आतोबा म्हणाले. “खांद्यातून लाव. मनगटातून नको.”

तेवढ्यात प्लंबर हातात व्हॅनची किल्ली फिरवत बाहेर आला. कुणाच्या तरी घरात पाइप फुटला होता, पाणी पार झोपायच्या खोलीत शिरलं होतं, त्याला ताबडतोब निघायचं होतं. त्याने फाटकात चार पायांवर उभी असलेली गाडी पाहिली, खाली दिसणारे आत्याचे पाय पाहिले.

“काकू, जरा बाजूला घेता?”

“नाही घेता येत.”

“पाच मिनिटं नुसती.”

“तिच्यात तेल नाही रे बाबा. मी घेऊ कशी?”

प्लंबर लहानपणी आतोबांच्या हाताखाली पोहायला शिकलेला. सरांसमोर त्याला रागावता येत नव्हतं, म्हणून तो व्हॅनकडे बघून रागावला. फोनवर तो पाइप फुटलेल्या घरच्यांना मुख्य कॉक कुठे असतो ते समजावू लागला, आणि त्यांना तो सापडत नव्हता. शेवटी त्यांनीच त्याला न्यायला मोटरसायकल पाठवली. जाताना त्याने आत्याला लांब लोखंडी नळी आणि गरम हवेची बंदूक काढून दिली. “नटाला नको, त्याच्या भोवतीच्या धातूला गरम करा,” एवढं म्हणून तो अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसून गेला. हेल्मेटही नव्हतं त्याच्याकडे.

आत्याने मला खाली बोलावलं. “टॉर्च इथे धर. अगदी जवळ.” तिने नटाभोवतीची माती दात घासायच्या ब्रशने साफ केली, फडक्याने पुसली. आणि थांबली. मग तिने माझा हात धरून टॉर्च अजून जवळ नेला.

नटाच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर एक पिवळी रेघ होती. रंगाची, बोटभर लांब. गाडी बनते तेव्हा नट आवळला गेल्याची खूण म्हणून कारखान्यात मारतात तशी. एकदा जरी नट फिरला असता तरी रेघ तुटून दोन तुकडे दोन दिशांना गेले असते. ही रेघ अखंड होती. आत्ता किल्ली आत गरगर फिरली होती, पण नट जागचा हलला नव्हता.

आत्या बाहेर आली. डोक्याचं फडकं सोडून तिने त्याला हात पुसले.

“अहो, हा वरचा नट तुम्ही कसा खोलायचात?”

“कसा म्हणजे? पाना लावून.”

“कुठला पाना?”

“नेहमीचा. बाहेरून बसतो तो.”

“त्याला बाहेरून पाना बसतच नाही. त्याला आत खाच आहे.”

आतोबा खुर्चीत सरकून बसले. आत्या म्हणाली, “त्याच्यावर कारखान्यातला रंग तसाच आहे.”

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण टॉर्च माझ्या हातात होता. आतोबांनी खुर्चीचे हात धरले. मग हळू आवाजात, जो मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, ते म्हणाले, “पहिल्यांदा खालचा खोलला होता. लाल भडक धार आली. मला वाटलं काहीतरी फोडलं मी. घाबरून परत आवळला. सांडलं तेवढं गॅरेजवाल्याकडून भरून घेतलं. त्याने कुठून भरलं ते मला माहीत नाही. त्यानंतर नाही केलं.”

“आणि ते सगळे रविवार?”

“खाली पडून राहायचो.”

“नुसते?”

“शांत असायचं गं. आठवडाभर ओरडून ओरडून घसा बसलेला असायचा. खाली कुणी काही विचारायचं नाही. कधी कधी झोपही लागायची.”

आत्याने हे सगळं ऐकून घेतलं. मी वाट बघत होते, आता कशावर स्फोट होतो. खोटं बोलल्यावर, गाडी खराब केल्यावर, की आजच्या सूचनांवर. ती म्हणाली, “मग शर्ट कशाने काळे व्हायचे?”

आतोबा खाली बघत म्हणाले, “खालचं ग्रीस जरा चोळायचो.”

“चोळायचात.”

“थोडंसं.”

“मी ते साबण, सोडा, रॉकेल, सगळं लावून घासायचे. गार पाण्यात. हात फुटायचे माझे. अहो, झोपायचं होतं तर घरात पलंग नव्हता का?”

आतोबा उठले, घराकडे जायला वळले, आणि कडेला ठेवलेलं घमेलं त्यांना दिसलं नाही. उजवा पाय घोट्यापर्यंत काळ्या तेलात गेला. घमेलं उलटलं आणि तेल फरशीवरून थेट उताराने गटाराकडे निघालं.

मी लाकडाच्या भुश्याची गोणी आणायला धावले. साच्यांची खोकी भरायला आत्याच्या खोलीत ती असायची. भुसा टाकून ओघळ अडवला. वळून बघते तर आतोबा परत खुर्चीत आणि आत्या पायरीवर बसलेली, त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन. बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवत होती. तोंड चालूच होतं.

“दिसत नाही तर सांगायचं, दिसत नाही म्हणून. तेल बदललं नाही तर सांगायचं, बदललं नाही म्हणून. इथे कुणी परीक्षक बसलेत का मार्क द्यायला? हलू नका. आणि उद्या डॉक्टरांनी विचारलं, कडेचं कितपत दिसतं, तर ‘चालतंय की’ म्हणू नका. मागच्या वेळी म्हणालात. मी ऐकलंय.”

“नाही म्हणणार.”

“बघू.”

पाय पुसून झाल्यावर तिने त्यांचे खांदे बघितले. सत्तरीतही ते खांदे पोहणाऱ्याचेच होते. ती म्हणाली, “चला खाली.”

“मला दिसणार नाही काही.”

“दिसायची गरज नाही. ओढायची आहे.”

तिने झिजलेल्या खाचेत पान्यांच्या पेटीतला किंचित मोठा, चांदणीच्या आकाराचा पोलादी तुकडा हातोडीने ठोकून बसवला. हे मात्र तिच्या रोजच्या कामातलं. खाचेला घट्ट बसणारी वस्तू कुठल्या कोनात ठोकायची हे तिच्या बोटांना माहीत होतं. मग गरम हवेने भोवतीचा धातू तापवला, तुकड्याला किल्ली जोडली, लांब नळी तिच्या दांड्यावर चढवली आणि आतोबांचा हात धरून त्या नळीवर ठेवला. दोघं पुठ्ठ्यावर एकमेकांना चिकटून आडवी. सूचना आता आत्याच्या.

“माझ्याकडे ओढा. सावकाश. झटका नको. खांद्यातून, मनगटातून नको.”

आतोबांच्या घशातून एक हुंकार निघाला. हाड मोडावं तसा आवाज झाला. मी डोळे मिटून घेतले.

“फिरला,” आत्या म्हणाली.

पुढचं काम किचकट होतं पण सरळ होतं. हातपंपाने नवं तेल भरलं. लाल, स्वच्छ. मग मला आत बसवून इंजिन चालू करायला लावलं. ब्रेकवर पाय घट्ट दाबून मी एकेक गिअर टाकत गेले. तेल कोमट झालं की वरच्या भोकातून बारीकशी धार यायला हवी, मोठी आली तर जास्त, आलीच नाही तर कमी. आधी काहीच आलं नाही. पुन्हा पंप. मग भसकन आलं, ते आतोबांच्या दाढीवर. ते पुसेपर्यंत धार बारीक झाली आणि आत्याने तेलाबरोबरच मागवून ठेवलेला नवा नट बसवला. जुना तिने खिशात टाकला.

प्लंबर परत आला तेव्हा आम्ही गाडी घोड्यांवरून उतरवत होतो. त्याचे कपडे ओले होते. तो म्हणाला, “आता मला कुठेच जायचं नाहीये.” आणि दार लावून घेतलं.

आत्या गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली आणि आली. झटके बरेच कमी झाले होते, पण गेले नव्हते. रिव्हर्सला गाडी अजूनही विचार करत होती. आत्याने पुस्तक परत उघडलं आणि त्याच पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, तिला सापडलं की असं काढल्यावर जेमतेम अर्धंच तेल निघतं. उरलेलं आतच राहतं. काही आठवड्यांनी परत सगळं करायचं.

तिने पुस्तक मिटलं आणि कपाळावर हात मारला. हात काळा होता. “हे ठळक अक्षरात नाही लिहवत यांना,” ती म्हणाली.

सोमवारी ती त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. आतोबांनी डॉक्टरांना घमेल्याची गोष्ट सांगितली, स्वतःहून. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले आणि पुढची तारीख जवळची दिली. घरी आल्यावर आत्या दिवसभर त्यांच्याशी कामापुरतं बोलली. मंगळवारीही. शर्टांचं तिला जड गेलं होतं. मला फोनवर म्हणाली, “बाकी सगळं मी समजू शकते गं. पण ग्रीस चोळायचं?”

दुसऱ्यांदा तेल बदललं तेव्हा मला बोलावलं नव्हतं. मी सहज गेले तर गाडी घोड्यांवर आणि तिच्याखालून चार पाय बाहेर आलेले. प्लंबरची व्हॅन आधीच रस्त्यावर नेऊन लावली होती. खालून भांडण ऐकू येत होतं. आत्याचं म्हणणं तेल अजून पुरेसं लाल नाही, आतोबांचं म्हणणं त्यांना लालच वाटतंय, आणि आत्याचं म्हणणं तुम्हाला काय दिसतंय ते मला माहीत आहे.

“आधी वरचा खोललात का?” मी वाकून विचारलं.

खालून दोघांनी एकदम सांगितलं, “हो.” मग आतोबा म्हणाले, “आलीच आहेस तर आत बस आणि ब्रेक दाब.”

मी आत बसले. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, मागच्या सीटवर साच्यांची खोकी होती. खाली भांडण चालूच होतं, कुठल्यातरी फडक्यावरून. मी इंजिन चालू केलं तसं ते ऐकू येईनासं झालं.